गुलबर्ग्याची अंगण नसलेली मशीद

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद म्हणजे स्पेनमधल्या कुर्तुबाच्या मशिदीची नक्कल, असं मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत आले. मलाही कोणीतरी तसंच सांगितलं होतं. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ते असतं, गाइडही तेच सांगतात. त्यात मी उर्दू शिकवणारी. अल्लामा इक्बाल 1933 साली कुर्तुबाला गेले आणि त्या मशिदीवर त्यांनी दीर्घ नज्म लिहिली. उर्दू वाचणाऱ्या घरांत तेव्हापासून कुर्तुबाचं नाव निघालं की आवाज आपोआप हळवा होतो. त्या मशिदीची जुळी बहीण आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे, असं म्हटलं की नांदूरघाटची मुलं वहीतून मान वर काढून बघायची. मलाही ते सांगायला आवडायचं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती मशीद मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. इतकी वर्षं मी मुलांना चुकीचं सांगत होते.

जाण्याचं निमित्त सासूबाईंचं होतं. हजरत ख्वाजा बंदानवाज यांच्या दर्ग्यावर जाण्याची त्यांची मन्नत होती आणि ती बरीच वर्षं राहून गेली होती. पहाटे फजरनंतर गाडी काढली. केज, अंबाजोगाई, लातूर, औसा, उमरगा. उमरग्याच्या पुढे पाट्यांवरची लिपी बदलते, पण शेतातली तूर बदलत नाही. आळंदला हजरत लाडले मशाइख यांच्या दर्ग्यापाशी थांबून फातेहा पढली आणि दुपारच्या आत गुलबर्ग्यात पोहोचलो. 2014 पासून गावाचं सरकारी नाव कलबुर्गी आहे. आमच्या घरात मात्र अजून गुलबर्गाच म्हणतात. 1956 पर्यंत बीड आणि गुलबर्गा एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. जुन्या माणसांना ते परराज्य वाटतच नाही.

दर्ग्याविषयी आपल्या वाचकांना मी नव्याने काय सांगणार? ख्वाजासाहेब दिल्लीहून इथं आले तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं आणि 1422 मध्ये इथंच त्यांचा विसाल झाला. त्यांच्या आधी तीसेक वर्षं ती मशीद उभी होती, हे लक्षात असू द्या. सासूबाईंची मन्नत पूर्ण झाली, तबर्रुक घेतलं आणि जेवण करून आम्ही किल्ल्याकडे निघालो.

किल्ल्याभोवती खंदक आहे, जाड दुहेरी तट आहे. आत शिरलं की आधी बाला हिसार नावाचा बिनखिडक्यांचा प्रचंड बुरूज दिसतो आणि जवळच ती मशीद. पहिल्या नजरेत ती मशीद वाटतच नाही. घरात आमची मुलं तुर्की मालिका बघतात, अर्तुग्रुल गाझी त्यांना तोंडपाठ आहे. मशीद म्हणजे मोठा घुमट आणि दोन-चार निमुळते मिनार, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. मुलगा गाडीतून उतरताच म्हणाला, "अम्मी, मिनार कुठंय?"

मिनार नाहीतच. आणि सेहन, म्हणजे अंगण, तेही नाही. सगळी मशीद एका छताखाली आहे.

दाराशी सासूबाई थांबल्या. चपला काढून हातात घेतल्या आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "औरतां को चलता क्या?" तो हसून म्हणाला, "आव अम्मा, सब आतें."

हा प्रश्न कुठून आला ते आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागणार नाही. आमच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. माझी मुलं लहान असताना ताप आला की मगरिबच्या वेळी मी त्यांना कडेवर घेऊन मशिदीच्या पायरीखाली उभी राहायचे. नमाज संपवून बाहेर पडणारी माणसं एकेक करून मुलांवर दम करायची. मशिदीची माझी ओळख तेवढीच, पायरीपर्यंतची. आतली मिहराब, आतले खांब, मिम्बर हे शब्द मी शिकवते, फळ्यावर आकृती काढते. सासूबाईंनी सत्तरीपर्यंत तीही पाहिली नव्हती. गुलबर्ग्याची मशीद पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली संरक्षित वास्तू आहे, तिथं पाहायला कोणीही जाऊ शकतं. आम्ही दोघी आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या मशिदीच्या शेवटच्या सफपासून मिहराबपर्यंत सरळ चालत गेलो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती कमानींची. मधल्या भागात चौकोनी, जाड, चुन्याने गिलावा केलेले खांब रांगेने उभे आहेत आणि प्रत्येक चार खांबांवर एक छोटा घुमट. असे साठाहून अधिक छोटे घुमट आहेत. मुलाने दोनदा मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. चार कोपऱ्यांत त्यांच्याहून मोठे चार घुमट, आणि मिहराबपुढच्या चौकावर सगळ्यांत मोठा एक. हा मोठा घुमट उंच चौकोनी बैठकीवर ठेवलेला आहे, त्यामुळे बाहेरून तो छताच्या वर मान काढून उभा असल्यासारखा दिसतो आणि आतून त्याच्याखाली एकदम डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

पण माझं मन अडकलं ते कडेच्या दालनांत. पश्चिमेची किब्ल्याची भिंत सोडून बाकी तिन्ही बाजूंना लांबच लांब दालनं आहेत आणि त्यांच्यावरच्या कमानी अतिशय रुंद. खांब मात्र ठेंगणे. कमान जिथून वळायला लागते ती जागा इतकी खाली की उंच माणसाचा हात सहज टेकावा. रुंद कमान आणि ठेंगणा खांब ही जोडी मी दुसरीकडे कुठं पाहिलेली नाही. एका टोकाला उभं राहून पाहिलं तर कमानीच्या आत कमान, तिच्या आत कमान, असं दुसऱ्या टोकापर्यंत दिसत जातं. उजेड बाजूंनी येतो आणि आत सरकत सरकत मवाळ होतो. नक्षी जवळजवळ नाही. पांढऱ्या भिंती आणि कमानींची वळणं, बस्स. ताजमहालसारखं काही पाहायला मिळेल अशा अपेक्षेने आलेले लोक पाच मिनिटांत बाहेर पडताना दिसले. त्यांच्याविषयी मला वाईट वाटलं.

मशीद 216 फूट लांब आणि 176 फूट रुंद आहे. मुलगी आठवीत आहे, तिला मी तिथंच गणित घातलं. तिने मोबाइलवर नव्हे, हातावर बोटाने लिहून उत्तर काढलं, 38,016 चौरस फूट. आपल्या शेताच्या भाषेत जवळपास 35 गुंठे. पाऊण एकराहून जास्त जमीन, आणि सगळीच्या सगळी डोक्यावर दगड-चुन्याचं छत असलेली. एका मुसल्ल्याला आठ चौरस फूट धरले आणि खांबांची जागा वजा केली तर चारेक हजार माणसं एकाच वेळी सावलीत नमाज पढू शकतील, असा आम्हा मायलेकींचा हिशोब निघाला.

ही इमारत कोणी बांधली ते शिलालेखावर आहे. रफी, शम्सचा मुलगा, मन्सूरचा नातू, राहणार कझवीन. साल हिजरी 769, म्हणजे 1367. कझवीन हे इराणच्या उत्तरेकडचं शहर. त्या काळी बहमनी तख्तावर मुहम्मद शाह पहिला होता. त्याच्या बापाने, अलाउद्दीन हसन बहमन शाहने, 1347 मध्ये दिल्लीच्या तुघलकांपासून वेगळं होऊन दौलताबादला राज्यारोहण केलं आणि राजधानी गुलबर्ग्याला आणली. म्हणजे मशीद उभी राहिली तेव्हा राज्याला जेमतेम वीस वर्षं झाली होती. इमारतींवर बादशहांची नावं असतात हे मुलांना ठाऊक असतं. कारागिराचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि गाव, एवढं सगळं टिकून राहिलं हे त्यांना नवीन होतं. मुलगी म्हणाली, "हजेरीपटावर असतं तसं."

एक गोष्ट मात्र अवघड असली तरी सांगायला हवी. 1366-67 ही वर्षं बहमनी आणि विजयनगर यांच्यातल्या भयंकर युद्धाची आहेत. फरिश्ता आपल्या इतिहासात त्या कत्तलींविषयी लिहितो आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी, न लढणाऱ्या रयतेला मारायचं नाही असं ठरल्याचंही लिहितो. आकड्यांच्या बाबतीत फरिश्ता हात सैल सोडतो, तो दोनशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. पण ज्या सालात ही शांत इमारत पूर्ण झाली ते साल शांत नव्हतं. आपल्या वास्तूंची स्तुती करताना आपण हे पान बहुधा उलटून पुढे जातो. मीही वर्गात जायचे.

आता कुर्तुबाकडे वळते. ती मशीद मी पाहिलेली नाही, बहुधा पाहणारही नाही, पण तिची चित्रं आणि नकाशे माझ्याकडे आहेत आणि त्या आधारावरसुद्धा फरक लपत नाही. कुर्तुबाच्या मशिदीला अंगण आहे, चांगलं प्रशस्त, संत्र्याच्या झाडांचं. तिचे खांब बारीक, गोल, संगमरवरासारख्या दगडाचे, आठशेहून जास्त. त्यांच्यावर कमानींचे दोन मजले, लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचे. वरचं छत मूळचं लाकडाचं. गुलबर्ग्यात अंगण नाही, गोल खांब नाहीत, दोन मजली कमानी नाहीत, लाल-पांढरं काही नाही, लाकूड नाही. सारखं काय? खांबांच्या पुष्कळ रांगा. तेवढ्यावर नक्कल म्हणायचं तर जगातल्या निम्म्या जुन्या मशिदी एकमेकींच्या नकला ठरतील. आणि तारखा पाहा. कुर्तुबाचं बांधकाम 785 च्या सुमारास सुरू झालं. 1236 मध्ये ते शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेलं आणि मशिदीचं चर्च झालं. रफीने गुलबर्ग्याचं काम पुरं केलं तेव्हा तिथली अजान बंद होऊन 131 वर्षं झाली होती. कझवीनच्या माणसाने इतक्या लांबच्या, हातातून गेलेल्या इमारतीवरून दख्खनमध्ये मशीद काढली, हे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

तुलनाच करायची तर मध्ययुगीन तुर्की मशिदींशी करावी, असं मला वाटतं. आपण तुर्की मशीद म्हटलं की इस्तंबूलच्या उस्मानी मशिदी आठवतो, तो एक अजस्र घुमट आणि ते मिनार. पण त्या बऱ्याच नंतरच्या. त्यांच्याआधी अनातोलियात सल्जूकी आणि त्यांच्या नंतरच्या छोट्या तुर्की अमिरांच्या काळात ज्या मोठ्या मशिदी झाल्या, त्यांना तिकडे उलू जामी म्हणतात, म्हणजे थोरली मशीद. त्यातल्या बऱ्याचशा पूर्ण झाकलेल्या आहेत. दिव्रिगी गावची उलू जामी 1228-29 मधली. आत सोळा खांब, वर दगडी छत, आणि मधल्या एका चौकाचं तोंड मूळचं आभाळाकडे उघडं. बेशहिरची अशरफ ओग्लू मशीद त्याच शतकाच्या अखेरची, तिचे खांब आणि छत दोन्ही लाकडाचे. तिथेही मधोमध उघडी जागा ठेवलेली, खाली हौदासारखा खड्डा, ज्यात बर्फ पडायचं. अंगण आत आलं आणि आक्रसून एका चौकाएवढं उरलं, असं समजा. कारण उघड आहे. हिवाळ्यात कमरेएवढं बर्फ साचणाऱ्या गावात अंगणात सफ कशी लावणार?

दिव्रिगीची आणखी एक गोष्ट मी मुलीला मुद्दाम सांगितली. मशीद अमीर अहमद शाहने बांधवली, पण तिला भिंतीला भिंत लावून जे रुग्णालय आहे ते तुरान मलिक या बाईने. आठशे वर्षांपूर्वीची इमारत, आणि तिचं नाव आजही त्या इमारतीशी जोडलेलं आहे. युनेस्कोने 1985 मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारशात घेतलं. मालिकेत हे कसं नाही, असं मुलीने विचारलं. मालिकेत तलवारी जास्त असतात.

मग बुर्सा. बुर्साची उलू जामी उस्मानी सुलतान बायझीदने 1396 नंतर बांधवली, वीस सारख्या घुमटांची. वुजूचा हौद अंगणात असतो तो तिथं मशिदीच्या आत आहे, कारण अंगणच नाही. गुलबर्गा तिच्याहून सुमारे तीस वर्षांनी थोरली. म्हणजे इथं कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. रफीने अनातोलिया पाहिली होती असाही माझा दावा नाही. एवढंच की तिकडच्या बांधणाऱ्यांपुढे जो प्रश्न होता तोच इकडच्याही पुढे आला, अंगणाशिवाय मोठी जमात कशी सामावायची? दोन्हीकडे उत्तर एकाच धाटणीचं निघालं. लहान लहान चौक, प्रत्येकावर आपापलं छत.

तिकडे बर्फ होतं, इकडे ऊन आहे. दख्खनच्या मे महिन्यात जुहरच्या वेळी उघड्या फरशीवर कपाळ टेकवून बघा. आमच्या भागात उन्हाळ्यात मशिदीच्या अंगणावर हिरवी जाळी ताणतात किंवा पत्रे टाकतात, जुम्म्याला उशिरा येणारा त्या जाळीच्या भोकांतून येणाऱ्या उन्हात बसतो. रफीने किंवा त्याला काम देणाऱ्याने नेमका हाच विचार केला असं शिलालेखात लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अंगणाची मशीद त्यांना ठाऊक होती. दौलताबादची जामा मशीद 1318 ची, खिलजी सुलतान कुतबुद्दीन मुबारकच्या काळातली. पुढे खांबांचं दालन आणि बाकी मोठं थोरलं अंगण. बहमनी राज्याची सुरुवातच त्या दौलताबादेत झाली. तो नमुना डोळ्यांसमोर असताना त्यांनी तो घेतला नाही. ठरवून वेगळं केलं.

पुढे मात्र हे कोणी फारसं चालवलं नाही. विजापूरची जामा मशीद अली आदिलशहाच्या काळात सुरू झाली, ती परत अंगणाची. का, याचा विचार मी आत बसून केला. मधल्या रांगांत उभं राहिलं तर खांबांमुळे खतीब दिसत नाही. दुपारीही आतल्या भागात पुस्तक वाचण्याएवढा उजेड नाही. आणि वाढत्या शहराची जमात अंगणात मावते, छताखाली ठरलेलीच माणसं मावतात. ही शिक्षिकेची अटकळ आहे, वास्तुतज्ज्ञाची नव्हे. पण भारतात या आकाराची, अशी पूर्ण झाकलेली मशीद एकटीच राहिली हे खरं. आणि एकटीच असलेल्या इमारतीला आपण दुसऱ्याची नक्कल म्हणत बसलो, याची मला तिथं लाज वाटली. इक्बालच्या नज्मेमुळे कुर्तुबा आपलीशी वाटते, त्यात वावगं काही नाही. पण गुलबर्ग्याला मान मिळण्यासाठी तिची शिफारस कशाला लागावी?

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात फळ्यावर दोन्ही मशिदींचे आराखडे शेजारी शेजारी काढले आणि मागच्या वर्षी सांगितलं ते चूक होतं म्हणून सांगितलं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग आधीच्या वर्गांना कोण सांगणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा लेख त्यातल्या काहींच्या घरी जाईल अशी आशा आहे.

त्या दिवशी असरची वेळ होत आली तेव्हा आम्ही निघालो. सासूबाई एका खांबाला टेकून तसबीह घेऊन बसल्या होत्या, त्यांना उठवायला दोनदा सांगावं लागलं. परतीच्या वाटेवर उमरग्याला चहासाठी थांबलो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मुलाला, म्हणजे आमच्या यांना, त्यांनी विचारलं, "का रे, आपल्या गावच्या मशिदीत आत किती खांब आहेत?"

हे लहानपणापासून त्या मशिदीत जातात. कप खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले, बोटं मोडून बघितली आणि म्हणाले, "मोजले नाहीत कधी. जुम्म्याला मोजून सांगतो."